उंबरठ्यावरचे दिवस

जुन्या मराठी घरात रस्ता संपला की लगेच घर सुरू होत नसे. आधी अंगण, मग ओटा, मग ओसरी, त्यानंतर उंबरठा आणि उंबरठ्याच्या आत माजघर. येणारा मनुष्य पायरीपायरीने आत येई. ओसरीवर टेकलेला पाहुणा पूर्णपणे बाहेरचा नसे आणि पूर्णपणे घरातलाही नसे. परंतु त्याला अवघडल्यासारखे होत नसे, कारण ओसरी ही त्याच्यासाठीच राखलेली जागा होती. तेथे त्याला पाणी मिळे, गुळाचा खडा मिळे, विचारपूस होई. आपल्या पेढ्यांचे ओटेही असेच होते. सौद्यापूर्वीची बोलणी ओट्यावर होत. सौदा ठरला की मनुष्य गादीवर येई.

काळाच्या बाबतीतही पूर्वजांनी हाच विचार केलेला दिसतो. दिवस आणि रात्र यांच्यामध्ये तिन्हीसांज ठेवली. चांद्र वर्ष आणि सौर वर्ष यांत सुमारे अकरा दिवसांचा फरक पडतो. तो साचत साचत तिसऱ्या वर्षाच्या सुमारास एक महिना शिल्लक उरतो. हिशेबात न बसणारा हा महिना महाराष्ट्राने टाकून दिला नाही. त्याला अधिक मास म्हटले, पुरुषोत्तम मास असे मानाचे नावही दिले आणि जावयाला घरी बोलावून धोंड्याचे जेवण घालण्याची रीत त्याला जोडली.

घरातील ओसरी आणि पंचांगातील अधिक मास यांसारखेच मधले दिवस आपल्या आयुष्यातही येतात. शिक्षण संपलेले असते, पण काम मिळालेले नसते. सगाई झालेली असते, पण लग्न व्हायचे असते. दुकान मुलाच्या हाती आलेले असते, पण तिजोरीच्या किल्ल्या वडिलांच्या कमरेला असतात. निवृत्तीचा हार गळ्यात पडलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोठे जावयाचे, हे ठरलेले नसते. अशा दिवसांना आजच्या घरांत ओसरी उरलेली नाही. फ्लॅटचे दार उघडले की थेट दिवाणखाना. तसेच आयुष्यातही 'इकडे तरी राहा, नाही तर तिकडे तरी जा' असा तगादा लागतो. मधला काळ मुळात वाईट नसतो. त्याला नाव नसले, मुदत नसली आणि सोबत नसली की तो माणसाला पोखरतो. एवढेच या लेखात मांडावयाचे आहे.

मधले गाव

आम्ही सातपूरकर या विषयाचे जणू रहिवासीच आहोत. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर यांच्या वाटेवरचे हे गाव. संत निवृत्तिनाथांची पालखी ज्येष्ठ महिन्यात त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरकडे निघते, तेव्हा वाटेत तिचा मुक्काम सातपूरला असतो. पौष वद्य एकादशीच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरकडे जाणाऱ्या दिंड्याही याच रस्त्याने जातात. पोहोचण्याचे ठिकाण दुसरेच असलेल्या माणसांना विसावा देणे, हे या गावाचे जुने काम.

पुढे गावाच्या नशिबी दुसरे मधलेपण आले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली आणि सातपूर ही नाशिकमधील आरंभीची औद्योगिक वसाहत ठरली. शेतजमिनी संपादित झाल्या. नांगर धरणाऱ्या हातांनी पाळीचे कार्ड धरले. कारखान्यांच्या मागून कामगार आले आणि कामगारांच्या मागून किराणा, कापड, भांडी, हार्डवेअर यांची दुकाने आली. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची सातपूरशी ओळख याच काळात झाली. ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक महानगरपालिका अस्तित्वात आली, तेव्हा सातपूरची स्वतंत्र नगरपालिका तिच्यात विलीन झाली.

कागदावर गाव एका दिवसात शहर झाले. मनात मात्र तसे झाले नाही. आजही येथील ज्येष्ठ मंडळी पंचवटीकडे किंवा मेन रोडला निघाली की 'नाशिकला जाऊन येतो' असे म्हणतात. मायको या कंपनीचे नाव २००८ साली बॉश झाले. चौकाचे नाव लोकांच्या तोंडी अजून मायको सर्कलच आहे. नासर्डी नदीला नंदिनी हे नाव मिळाले, तरी पूर आला की जुनी माणसे 'नासर्डी भरली' असेच सांगतात. जुने नाव सुटत नाही आणि नवे नाव जिभेवर बसत नाही, अशी ही अवस्था. तिच्यात कमीपणा काही नाही. बदल कागदावर लवकर होतो, मनात हळूहळू उतरतो. या दोहोंतील अंतर चालून जाण्यास वेळ लागतोच.

व्यापारी कुटुंबांना तर हे अंतर पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मारवाडातून निघालेला मनुष्य जेथे व्यापारासाठी जाई, त्या मुलखाला 'दिसावर' म्हणत. दिसावरात तो मारवाडी ठरे आणि मूळ गावी गेला की दक्षिणेकडचा ठरे. आजही घरात एक भाषा, गल्ल्यावर मराठी आणि मुलांच्या शाळेत इंग्रजी, अशा तीन उंबरठ्यांवरून आपण दिवसभर ये-जा करतो. ही ये-जा ज्यांनी आपली मानली, त्यांना दोन्हीकडची माणसे मिळाली. ज्यांनी ती तात्पुरती अडचण समजली, ते चाळीस वर्षे एका गावात राहूनही भाडेकरूच राहिले.

मधल्या अवस्थेचा अभ्यास

पाश्चात्त्य विद्वानांनी या अवस्थेचा पद्धतशीर अभ्यास केला आहे. आर्नोल्ड व्हान गेनेप या फ्रेंच अभ्यासकाने १९०९ साली संस्कारविधींवर ग्रंथ लिहिला. जन्म, वयात येणे, विवाह, मृत्यू अशा प्रसंगी जगभर जे विधी केले जातात, त्यांत त्यांना तीन टप्पे दिसले: जुन्यापासून वेगळे होणे, मधली अवस्था आणि नव्यात सामील होणे. मधल्या टप्प्याला त्यांनी जे नाव दिले, ते उंबरठा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून घेतलेले आहे. पुढे व्हिक्टर टर्नर या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने आफ्रिकेतील एंडेंबू लोकांमध्ये राहून या मधल्या टप्प्याचाच विशेष अभ्यास केला. या अवस्थेत माणसाचा हुद्दा, मान, मालमत्ता बाजूला पडते आणि बरोबरच्या माणसांशी एक वेगळेच बंधुत्व जुळते, असे त्यांना आढळले.

टर्नर यांनी तीर्थयात्रेचाही याच दृष्टीने विचार केला आणि त्यासाठी आपल्या इरावती कर्वे यांच्या वारीविषयीच्या लेखनाचा आधार घेतला. घर मागे राहिलेले, पंढरपूर पुढे असलेले आणि चालणारी सारी माणसे एका वाटेवर. कर्वे यांनी या वाटेवरचा जिव्हाळा मनापासून टिपला. त्याचबरोबर दिंड्यांमध्ये जेवणाच्या पंगती जातीप्रमाणे वेगळ्या पडत होत्या, हेही त्यांनी लपविले नाही. त्याचे त्यांना दुःख झाले. यातून घेण्यासारखा बोध असा, की मधली अवस्था माणसांना जवळ आणण्याची संधी देते. परंतु ती संधी आपोआप साधत नाही. वाट एक असली तरी पंगत एक करण्यासाठी कोणाला तरी पुढाकार घ्यावा लागतो.

परंपरेने केलेली सोय

आपल्याच परंपरेकडे या दृष्टीने पाहिले, तर उंबरठ्याची जाण तिच्यात किती सूक्ष्म आहे, हे लक्षात येते. मंदिरात पाऊल टाकताना आपण 'निसीही' म्हणतो आणि बाहेरचे व्यवहार बाहेर ठेवतो. साधुसाध्वी उपाश्रयातून बाहेर पडताना 'आवस्सही' म्हणतात. आत येण्यासाठी एक शब्द, बाहेर जाण्यासाठी दुसरा. नवकारशीचे व्रत सूर्योदयानंतर दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे थांबावयास सांगते; सामायिकही ४८ मिनिटांचेच असते. दिवस आणि रात्र यांच्या संधीवर प्रतिक्रमण येते. या प्रत्येक ठिकाणी मधल्या काळाला मोजमाप आहे.

दीक्षेचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. दीक्षा घेण्याचा निश्चय झालेल्या व्यक्तीला मुमुक्षू म्हणतात. ती संसारातून निघालेली असते आणि संघात पोहोचलेली नसते. तिच्या या अवस्थेला आदराचे नाव आहे. प्रत्यक्ष दीक्षेनंतरही वडी दीक्षा लगेच होत नाही. मधल्या काळासाठी शास्त्राने सात दिवस, चार महिने आणि सहा महिने अशा तीन मर्यादा सांगितल्या आहेत. या काळात नवदीक्षित एकटा नसतो. गुरूंच्या आणि ज्येष्ठ साधूंच्या देखरेखीखाली असतो. नाव आहे, मुदत आहे, सोबत आहे.

गुणस्थानांच्या क्रमात तिसरे गुणस्थान मिश्र नावाचे. श्रद्धा आणि अश्रद्धा यांचे मिश्रण झालेली ही अवस्था. दही आणि गूळ एकत्र कालविल्यावर दोन्हींची चव वेगळी काढता येत नाही, असा दृष्टांत तिच्यासाठी दिला जातो. तिचा काळ अंतर्मुहूर्ताचा, म्हणजे ४८ मिनिटांच्या आतला. या गुणस्थानात असताना जीवाला मृत्यू येत नाही आणि पुढील भवाच्या आयुष्याचा बंधही पडत नाही, असे कर्मशास्त्र सांगते. त्यातील तात्त्विक भाग जाणकारांनी उलगडावा. व्यवहारातल्या माणसाला मात्र त्यातून एक साधी शिकवण घेता येते: मन दोन्हीकडे ओढले जात असताना आयुष्यभराचा निर्णय बांधून घेऊ नये. दुकान विकणे, भावाशी कायमचे तोडणे, ठरलेले लग्न रागाच्या भरात मोडणे, असे निर्णय मन स्थिर होईपर्यंत थांबू शकतात.

बँकेच्या खिडकीतून

माझी नोकरी बँकेत झाली. बँकेचे काम म्हणजे बहुतांशी मधल्या काळाचेच काम आहे. पैसा एकाकडून निघालेला असतो आणि दुसऱ्याकडे पोहोचावयाचा असतो. त्या दोहोंमध्ये बँक उभी असते.

आपल्या हुंडीचेच पाहा. दर्शनी हुंडी दाखविली की पैसे द्यावयाचे. मुदती हुंडी ठरलेल्या काळाने. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमात मुदती दस्तऐवजाची मुदत भरल्यानंतर आणखी तीन दिवसांची सवलत आहे. बँकेच्या भाषेत ते 'ग्रेस डेज'. वचन पाळण्याची तारीख आणि वचन मोडल्याची तारीख या दोन्ही एकच नसाव्यात, एवढा विवेक कायद्यानेही ठेवला आहे. माणसाला सावरण्यासाठी थोडी ओसरी हवी.

कर्जखात्याचे उदाहरण व्यापारी वाचकांना अधिक जवळचे वाटेल. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक, म्हणजे एनपीए होते. परंतु पहिल्या दिवसापासून नव्वदाव्या दिवसापर्यंतचे काय? खाते निरोगीही नाही आणि बुडीतही नाही. या अवस्थेतील खात्याला 'स्पेशल मेन्शन अकाउंट', म्हणजे विशेष उल्लेखाचे खाते म्हणतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१४ च्या चौकटीत त्याचे तीन टप्पे केले आहेत: ३० दिवसांपर्यंत एक, ३१ ते ६० दिवस दुसरा आणि ६१ ते ९० दिवस तिसरा. नाव आणि मुदत ठरल्यामुळे मदत कधी करावयाची, हेही ठरले. सूक्ष्म आणि लघुउद्योगांसाठी २०१५ साली जो पुनरुज्जीवनाचा आराखडा आला, त्यात उद्योजकाला आपली अडचण स्वतः होऊन बँकेला कळविण्याची आणि समितीपुढे तोडगा मागण्याची वाट ठेवली आहे.

माझा अनुभव असा, की खाते कोणत्या कारणाने थकले, यापेक्षा मालक कितव्या दिवशी बोलला, यावर पुष्कळ काही अवलंबून असे. दहाव्या दिवशी येऊन 'साहेब, मोठ्या गिऱ्हाइकाचे पेमेंट अडकले आहे' असे सांगणाऱ्याला हप्ते फिरवून देता येत. ऐंशीव्या दिवसापर्यंत फोन न उचलणाऱ्याला शेवटी नोटीसच जाई. दुसऱ्याची अडचण पहिल्यापेक्षा मोठी असेच असे नाही. बाजारात पत जाईल, या भीतीने तो मधल्या काळात एकटा राहिलेला असे. घरात पत्नीलाही त्याने सांगितलेले नसे.

बँकेत आणखी एक खाते असते, 'सस्पेन्स'. ज्या रकमेचा धागा लागत नाही, ती तात्पुरती तेथे ठेवतात. ती रक्कम हरवलेली नसते. तिचे घर सापडावयाचे असते. मात्र तपासणीस आला की तो त्या खात्यातील प्रत्येक नोंदीवर बोट ठेवून तीन प्रश्न विचारतो: ही नोंद कशाची, किती दिवसांची आणि ती मार्गी लावण्याची जबाबदारी कोणाची? नोंद सस्पेन्समध्ये असणे हा दोष नाही. या तीन प्रश्नांना उत्तर नसणे हा दोष.

मुदत नसलेला मधला काळ

जेव्हा ही उत्तरे मिळत नाहीत, तेव्हा काय होते, याचे मोठे उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. हा संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. पुष्कळ गिरण्या बंद पडल्या, हजारो कामगार गावी परतले, काही मिळेल त्या कामाला लागले. 'आपण संपावर आहोत की बेकार आहोत?' या प्रश्नाला कित्येक घरांत अनेक वर्षे उत्तर नव्हते. लढा कोणाचा बरोबर होता, हा वेगळा विषय. बंद झालेल्या दारापुढे मनुष्य एक ना एक दिवस पाठ फिरवून दुसरी वाट धरतो. अर्धवट लोटलेल्या दारापुढे तो थांबून राहतो. त्या थांबण्यात आयुष्याची उमेदीची वर्षे जातात.

लहान प्रमाणात हेच आपल्या अवतीभोवती घडते. औद्योगिक वसाहतीत वर्षानुवर्षे कंत्राटी म्हणून काम करणारा तरुण भेटतो. यंत्र कायमचे असते, पाळी कायमची असते, तो मात्र तात्पुरता. मुलगी पाहण्यासाठी आलेले लोक 'कळवितो' म्हणून जातात आणि कळवीत नाहीत. त्या एका शब्दावर एखादे घर दोन-दोन महिने दुसरीकडे बोलणी करीत नाही. दुकानातील जुना मुनीम 'पुढच्या दिवाळीला पाहू' हे ऐकत म्हातारा होतो. हे सारे मधले काळ दुसऱ्याच्या हातात असतात. ज्यांच्या हातात ते आहेत, त्यांनी मुदत सांगणे, हा त्यांचा धर्म आहे. नकार देणे कठीण असते, हे मान्य. पण नकार न देता माणसाला लटकत ठेवणे ही सूक्ष्म हिंसाच आहे, असे मला वाटते.

दुकानाचा उंबरठा

आपल्या कुटुंबांमध्ये सर्वांत नाजूक मधला काळ म्हणजे एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे दुकान जाण्याचा. त्याविषयी थोडे स्पष्ट लिहितो.

एका घराण्याचे दुकान चांगले चालत होते. वडील पंच्याहत्तरीच्या पुढे, मुलगा पन्नाशीला आलेला. खरेदी, विक्री, वसुली सारे मुलगा पाही. चेकवर सही मात्र वडिलांची. वडिलांचा मुलावर विश्वास नव्हता, असे नाही. विषय काढावयाचा कोणी, हाच प्रश्न होता. मुलाला वाटे, मी बोललो तर 'याला माझी घाई झाली' असे बाबूजींना वाटेल. बाबूजींना वाटे, मी सही दिली तर उद्या दुकानात माझी खुर्ची कोठे राहील? एके दिवशी बाबूजींना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात गेला. नोकरांच्या पगाराची तारीख, माल सोडविण्याची तारीख, दोन्ही त्याच आठवड्यात होत्या. खात्यात पैसे होते आणि मुलगा काउंटरपुढे हात जोडून उभा होता. अंगठा, डॉक्टरांचा दाखला, साक्षीदार अशी सोय नियमांत असते, ती केली. पण त्या आठ दिवसांत बाजारात नको ती चर्चा झाली.

दुसऱ्या घरात वडिलांनी साठीनंतरच्या पहिल्या दिवाळीला, चोपडापूजनाच्या वेळी, सर्वांसमक्ष सांगितले: या दिवाळीपासून खरेदी मुलाकडे, पुढच्या दिवाळीपासून बँकेची सही दोघांची, त्याच्या पुढच्या दिवाळीपासून किल्ल्या त्याच्याकडे. 'मी मात्र रोज सकाळी दहा ते बारा गादीवर बसणार आणि जुन्या गिऱ्हाइकांशी बोलणार, ते काम माझे.' सुनेने विचारले, 'पिताजी, हिशेबाचे मला शिकवाल का?' तेही त्या तीन वर्षांत झाले. त्या घरात मतभेद झाले नाहीत असे नाही. पण मतभेद कोणत्या वर्षाचे आहेत, हे प्रत्येकाला ठाऊक होते.

कायद्याच्या बाजूनेही चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एकल मालकीचा व्यवसाय कायद्याच्या दृष्टीने मालकापासून वेगळा नसतो. मालकाच्या निधनानंतर वारसाला जीएसटीची नवी नोंदणी घ्यावी लागते आणि शिल्लक करसवलत रीतसर अर्ज करून आपल्या नावे आणावी लागते. खात्यावर नामनिर्देशन केले म्हणजे ती व्यक्ती मालक झाली, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. नामनिर्देशित व्यक्ती बँकेकडून रक्कम स्वीकारणारी विश्वस्त असते. हक्क वारसांचा असतो. म्हणजे तीही मधलीच व्यक्ती. म्हणून नामनिर्देशनाबरोबर मृत्युपत्रही करावे. हिंदू उत्तराधिकार कायदा जैन कुटुंबांनाही लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आहे. मुलीचे लग्न झाले की तिचा विषय संपला, असे गृहीत धरून केलेल्या वाटण्या पुढे कोर्टात जातात. तिच्याशी बोलणे आधीच झाले, तर बहुतेक घरांत कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

घरातल्या माणसांसाठी

मधल्या काळात सापडलेल्या माणसाला घरच्यांनी काय द्यावे? माझ्या मते, उपदेश कमी आणि ओसरी अधिक.

बारावीनंतर प्रवेशाची वाट पाहणारा मुलगा किंवा मुलगी घरात असेल, तर 'सध्या काय करतोस?' या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर असेल अशी व्यवस्था करावी. 'ऑगस्टपर्यंत मी दुकानात बसून जमाखर्च शिकतो आहे', हे पूर्ण उत्तर आहे. त्यात कामाचे नाव आहे आणि मुदतही आहे.

सगाई मोडलेल्या मुलीच्या बाबतीत समाज फार निष्ठुर होतो. आपण नेमिनाथ भगवंतांच्या वरातीची कथा आदराने सांगतो. जीवदयेसाठी ते मांडवाजवळून परतले. पण त्या दिवशी मांडवात राजीमती होती. ती विवाहित नव्हती आणि पूर्वीसारखी अविवाहितही राहिली नव्हती. तिने आपला मार्ग स्वतः निवडला, आणि पुढे गिरनारवर रथनेमी डळमळला, तेव्हा त्यालाच तिने सावरले. ज्या स्त्रीला लोकांनी सोडून दिलेली मानले असते, तिच्याकडून एका साधकाला स्थैर्य मिळाले. आपल्या घरातील मुलीकडे 'मोडलेले लग्न' म्हणून न पाहता तिला विचार करावयास वेळ द्यावा, तिच्यापाशी बसावे आणि बाहेर बोलण्याची जबाबदारी घरातील मोठ्यांनी घ्यावी.

निवृत्त माणसाचे मधलेपण बाहेरून दिसत नाही. पहिले काही महिने सहल, नातेवाईक, राहिलेली कामे यांत जातात. नंतर सकाळी साडेनऊ वाजले की पाय आपोआप दाराकडे वळतात. आपल्याला कोणी 'साहेब' म्हणत नाही, यापेक्षा आपली कोणी वाट पाहत नाही, हे अधिक लागते. अशा माणसाला मान देण्यापेक्षा वेळ ठरवून काम द्यावे: नातवंडांचा अभ्यास, पाठशाळेचा हिशेब, शेजारच्या लघुउद्योजकाला बँकेचा अर्ज भरून देणे. काम लहान असो. वार आणि वेळ ठरलेली असावी.

आणि आजारी माणसाबरोबर रुग्णालयात बसणाऱ्या नातेवाइकाला विसरू नये. शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या त्या बाकावर बसलेला मनुष्य सर्वांत एकटा असतो. फोन करून 'काही लागले तर सांगा' असे म्हणण्यापेक्षा डबा घेऊन जाऊन तासभर शेजारी बसावे.

येत्या दिवाळीला नवा चोपडा उघडाल, तेव्हा घरातील सर्वांनी मिळून एक साधा कागद करावा. घरात सध्या कोणकोणत्या गोष्टी मध्येच थांबलेल्या आहेत, त्यांची नावे लिहावीत: भावाशी राहिलेला हिशेब, मुलाला द्यावयाची सही, मुलीचे अर्धवट राहिलेले शिक्षण, बोलणी थांबलेले स्थळ, न केलेले मृत्युपत्र. प्रत्येक नावापुढे कोणत्या महिन्यापर्यंत थांबावयाचे, हे लिहावे आणि त्या काळात सोबत कोण राहणार, त्याचे नाव लिहावे. कागद कपाटात ठेवावा आणि दर पौर्णिमेला एकदा काढून पाहावा. काही नोंदी आपोआप मिटतील, काहींची मुदत वाढवावी लागेल. मुदत वाढविण्यास हरकत नाही. मात्र ती वाढविली हे त्या माणसाला सांगावे.